पोळ, टाकं आणि चबुतरा: दाटीतल्या घरांनी निसर्गाला जागा कशी दिली



हल्ली कुणाही मैत्रिणीला फोन केला की दहा मिनिटांत विषय रिडेव्हलपमेंटवर येतो. चाळीस वर्षांची सोसायटी, चार मजले पाडून बावीस मजले, कार्पेट किती मिळणार, भाडं किती महिने देणार. मग बिल्डरचं रंगीत पुस्तक उघडलं जातं. त्यात हिरवळ असते, कारंजं असतं, सातव्या मजल्यावर ‘बाग’ असते. खालचा कडुनिंब मात्र त्या चित्रात कुठेच नसतो. आमच्या सोसायटीतही हीच चर्चा चालू आहे, म्हणून या वेळी स्वयंपाकघर आणि व्रतं थोडी बाजूला ठेवून घरांच्या इतिहासाबद्दल लिहिते आहे.

‘एवढ्या दाटीत निसर्ग कुठून आणायचा?’ असं मीटिंगमध्ये कुणीतरी विचारतंच. प्रश्न खरा आहे, पण नवा नाही. आपल्याच समाजाने शेकडो वर्षं अतिशय दाट वस्तीत राहून त्याचं उत्तर शोधलं होतं. ते उत्तर अजून उभं आहे, अहमदाबादच्या जुन्या शहरात, तिथल्या पोळींत.

पोळ म्हणजे काय

अहमदशहाने १४११ मध्ये साबरमतीच्या काठी हे शहर वसवलं. तटाच्या आतलं जुनं शहर जेमतेम साडेपाच चौरस किलोमीटर. त्यात शेकडो पोळी. ‘पोळ’ हा शब्द संस्कृत ‘प्रतोली’वरून आला असं मानतात, प्रतोली म्हणजे वेस, दरवाजा. खरोखरच पोळीची सुरुवात दरवाजानेच होते. दरवाजावर रखवालदाराची खोली, आत एक अरुंद रस्ता, त्याला फुटलेल्या आणखी अरुंद गल्ल्या, आणि त्यांची टोकं बहुतेक बंद. मध्ये कुठेतरी रस्ता रुंद होऊन चौक होतो. तिथे विहीर, देरासर किंवा मंदिर, सूचना लिहायचा काळा फळा आणि पक्ष्यांचा चबुतरा. काही पोळींत पाच-दहा घरं, तर काहींत हजारो माणसं. मांडवीची पोळ इतकी मोठी की तिच्या पोटात आणखी पोळी आहेत.

एका पोळीत बहुधा एका समाजाची, एका धंद्याची माणसं राहत. जव्हेरीवाड, दोशीवाडानी पोळ ही नावं आपल्याला ओळखीची आहेत. रात्री दरवाजा बंद झाला की पोळ म्हणजे जणू एकच घर. हा बंदोबस्त हौसेचा नव्हता, आणि त्यात आपल्या मराठी बाजूचाही वाटा आहे. १७२५ मध्ये मराठ्यांच्या फौजा शहरावर आल्या, तेव्हा शांतिदास जव्हेरींचे नातू नगरशेठ खुशालचंद यांनी पदरचा पैसा देऊन शहराची लूट टाळली. त्याची परतफेड म्हणून व्यापाऱ्यांनी शहरातल्या मालावर शेकडा चार आणे त्यांच्या घराण्याला लावून दिले. पुढे १७५३ मध्ये राघोबादादा आणि दमाजी गायकवाड यांनी अहमदाबाद घेतलं. मध्यंतरी ते हातचं गेलं आणि परत आलं, पण १८१७ पर्यंत शहरावर पेशवे आणि गायकवाड यांचा अंमल राहिला. गायकवाड हवेली आजही तिथे आहे. पोळींतल्या लाकडी कोरीवकामात मराठी वळणही सापडतं. तेव्हा हा इतिहास फक्त गुजराती भगिनींचा नाही.

भिंतीला भिंत, पण डोक्यावर आकाश

पोळीतलं घर रस्त्याच्या बाजूने अरुंद आणि आत लांबच लांब असतं. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांना लागलेल्या, म्हणजे बाजूला खिडकी काढायची सोय नाही. बाहेर ओटा, मग प्रवेशाची खोली, मग उघडा चौक, त्यापुढे ओसरी आणि सर्वांत आत खोली. स्वयंपाकघर आणि पिण्याचं पाणी ठेवायची जागा चौकालगत. आपल्याकडचा वाडा पाहिलेल्या मैत्रिणींना हे चित्र लगेच समजेल. फरक एवढाच की वाड्याला परस होतं, आड होता, मागे एखादं डाळिंब किंवा कढीलिंब होता. पोळीत परसाला जागाच नव्हती.

म्हणून सगळा भार चौकावर. दुपारी तापलेली हवा चौकातून वर निघून जाते आणि गल्लीतल्या सावलीतली थंड हवा दारातून आत येते. गल्ली इतकी अरुंद आणि वरचे मजले इतके पुढे आलेले की ऊन फरसबंदीपर्यंत फार थोडा वेळ पोहोचतं. भिंती एकमेकींना लागलेल्या असल्यामुळे त्या तापत नाहीत. बाजूला खिडकी नसणं ही उणीव वाटते, पण उन्हाळ्यात तीच सोय होते. अहमदाबादचा मे महिना अनुभवलेल्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

विटांच्या भिंतीत ठरावीक अंतरावर लाकडाच्या पट्ट्या घातलेल्या असत. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अहमदाबादच्या अनेक नव्या बहुमजली इमारती कोसळल्या, आणि पोळींतली लाकडी सांगाड्याची घरं बहुतांशी टिकली.

चौकाचं आणखी एक काम होतं, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. घरातल्या बाईला दिवसभरात आकाश दिसायचं. पाऊस घरात यायचा. सूर्यास्ताआधी जेवण उरकायचं तर सूर्य कुठे आहे ते स्वयंपाकघरातून कळायचं, मोबाइलवर वेळ पाहावी लागत नसे. आज आपल्यापैकी कितीजणींच्या ओट्यासमोरच्या खिडकीतून डक्ट दिसतो?

टाकं: चौकाखालचा पाऊस

आता पाण्याकडे येते. शहरातल्या पुष्कळ विहिरींचं पाणी मचूळ होतं, पिण्यासारखं नव्हतं. मग पावसाचं पाणी साठवायचं. चौकाच्या खाली खोलीएवढं टाकं बांधत, आतून चुन्याचा गिलावा. गच्चीवर पडलेलं पाणी नळाने खाली येई. पहिल्या पावसाने गच्ची धुऊन निघायची, ते पाणी बाहेर सोडून द्यायचे. मग गच्ची झाडून, पुसून, नळाचं तोंड टाक्याकडे वळवायचे. एकदा भरलं की झाकण बंद. आत ऊन नाही, त्यामुळे शेवाळ नाही. धूळ नाही, डास नाहीत. ते पाणी पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी वर्षभर पुरवायचं.

हे सगळं बहुतेक बायकांच्या हातातलं काम. आणि इथे आपला धर्म आणि घर एकमेकांत किती गुंतले होते ते दिसतं. पाणी गाळून घ्यायचं हे आपण लहानपणापासून शिकलो. दुहेरी, जाड, स्वच्छ गाळणं; आणि गाळून झाल्यावर गाळण्यातली जिवाणी जिथलं पाणी असेल तिथेच अलगद परत सोडायची. विहिरीचे जीव विहिरीत, टाक्यातले टाक्यात. आमच्या आजीच्या पिढीत विहिरीतलं पाणी काढणाऱ्या बायका यासाठी वेगळं भांडं ठेवत. ते पाण्याला टेकल्यावरच उपडं करायचं, वरून ओतायचं नाही.

आता विचार करा, नळाला आपण आजही गाळणं बांधतो. पण ते पाणी कुठल्या धरणातून आलं, वाटेत काय मिसळलं, आपल्याला ठाऊक नसतं. जिवाणी सोडायची कुठे? सिंकमध्ये? व्रत तेच राहिलं, पण ते पुरं करायची जागा घरातून गेली. अपकायाच्या जीवांची काळजी घ्यायची तर पाणी डोळ्यांसमोर असावं लागतं. टाक्यात किती हात पाणी उरलंय हे जिला माहीत, ती बाई एक तांब्याही वाया घालवत नाही. जिच्या नळाला चोवीस तास पाणी, तिला संयम उपदेशातून शिकवावा लागतो.

चबुतरा: लाकडाचं झाड

मराठीत चबुतरा म्हणजे नुसता दगडी ओटा. गुजरातेत चबुतरो म्हणजे पक्ष्यांना दाणा-पाणी ठेवायची उंच जागा. एकच खांब, वर कोरीव छत्री, छत्रीखाली दाण्याची जागा. लाकडाचा असो की दगडाचा, लांबून तो झाडासारखाच दिसतो. मला वाटतं, पोळीच्या चौकात मोठं झाड मावणार नव्हतं म्हणून लोकांनी झाडाच्या आकाराची वस्तू उभी केली. मांजर पोहोचू नये इतकी उंची, वर ऊन-पावसापासून आडोसा. चिमण्या, पोपट, होले, कबुतरं, खारी, सगळ्यांची तिथे हजेरी. घरात जन्म झाला, लग्न ठरलं, कुणाची तिथी आली, पर्युषण आलं की चबुतऱ्याला दाणा जायचा. लांबेश्वरनी पोळीत कवी दलपतराम यांच्या नावाचा चौक आहे. हेरिटेज वॉकला गेलात तर तिथला चबुतरा जरूर पाहा. १९९७ पासून हा वॉक चालतो, काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जुम्मा मशिदीपर्यंत. २०१७ मध्ये युनेस्कोने अहमदाबादला जागतिक वारसा शहर ठरवलं, भारतातलं पहिलं. त्या वर्णनात घरं, विहिरी, मंदिरं यांच्यासोबत पक्ष्यांना दाणा घालायच्या जागांचाही उल्लेख आहे. ते वाचून मला मनापासून आनंद झाला.

चबुतऱ्याचा विषय निघाला की मुंबईचा कबुतरखाना आठवणारच. २०२५ मध्ये मुंबई महापालिकेने कबुतरखाने बंद करायला घेतले, दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री आली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि आपल्या समाजात फार हळहळ आणि राग व्यक्त झाला. ती हळहळ मी समजू शकते. दाण्यावर जगणारा मुका जीव एका दिवसात उपाशी ठेवणं कुणालाच बरं वाटणार नाही. पण कबुतरांच्या विष्ठेने आणि पिसांच्या धुळीने काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा होते, हेही डॉक्टर सांगतात, आणि शेजारचा माणूसही पंचेंद्रिय जीवच आहे.

इथे पोळीकडे पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. चबुतरा एका पोळीचा होता. दाणा त्या पोळीतल्या घरांचा, तोही मुठीने. गल्लीगल्लीत चबुतरे असल्यामुळे पक्षी शहरभर वाटले गेले होते. लाखो माणसांच्या शहराने दोन-चार चौकांत पोत्यांनी धान्य ओतायचं आणि तिथे हजारो कबुतरांचीच गर्दी व्हायची, असा तो प्रकार नव्हता. जीवदयेला प्रमाण असावं असं म्हटलं की काहीजणींना ते दयेत काटछाट केल्यासारखं वाटतं. मला उलट वाटतं. चिमणीला फट, पोपटाला ढोली, दयाळाला झुडूप, सुगरणीला बाभूळ लागते. फक्त दाणा टाकला की कबुतर येतं, बाकीचे येत नाहीत. त्यांना जागा लागते, आणि जागा नकाशात असावी लागते.

पोळ म्हणजे स्वर्ग नव्हता

जुनं ते सगळं चांगलं असं मला मुळीच म्हणायचं नाही. पोळींतली सांडपाण्याची व्यवस्था वाईट होती. घराखालचे मैलाखड्डे, उघड्या मोऱ्या, साथीचे रोग. रणछोडलाल छोटालाल यांनी १८६१ मध्ये अहमदाबादेत पहिली कापडगिरणी सुरू केली, आणि पुढे म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष असताना नळाचं पाणी आणि जमिनीखालची गटारं आणण्यासाठी ते लढले. लोकांनी जोरदार विरोध केला. तरी १८९१ मध्ये नळाचं पाणी शहरात आलं. त्या नळाने किती बाळं वाचवली असतील, याचा विसर पडू नये. पोळीचा पंच परक्याला घर विकू देत नसे, त्यात सुरक्षितता होती आणि कोंडीही होती. मागच्या अंधाऱ्या खोलीत बाळंतीण झालेल्या बाईला विचारलं असतं तर तिने पोळीची स्तुती कितपत केली असती, कोण जाणे.

म्हणजे पोळीची नक्कल करून चालणार नाही. तिने काय साधलं ते ओळखून, जे चुकलं ते सोडून द्यायचं.

हेच सांगणारा एक परदेशी माणूस १९१५ च्या सुमारास हिंदुस्थानात फिरत होता. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस. तेव्हा दाट वस्ती सुधारायची म्हणजे सरळ रुंद रस्ता आखायचा आणि मध्ये येतील ती घरं पाडायची, अशी पद्धत होती. गेडिस म्हणत, आधी गल्ल्यांतून पायी फिरा. पडकी चार घरं तेवढी काढा, तिथे मोकळी जागा करा, झाड लावा, विहीर साफ करा, बाकीच्यांना राहू द्या. शस्त्रक्रिया करायची, पण जपून. अहमदाबादचा तट पाडू नये असंही त्यांनी सुचवलं होतं. तट पुढे बराचसा गेला, दरवाजे राहिले. हेच गेडिस १९१९ पासून काही वर्षं मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते.

मुंबईने दुसरा रस्ता धरला

मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला. कोंदट चाळींत माणसं पटापट गेली. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने जुन्या वस्तीतून मोठे रस्ते काढले, आणि उत्तरेला दादर-माटुंगा भागात नवी वस्ती आखली. इथे क्रम उलटा होता. आधी रस्ते, फूटपाथ, बागा आणि झाडं, मग घरं. पारशी कॉलनी याचं उत्तम उदाहरण. ट्रस्टमधले इंजिनियर मंचेरजी जोशी यांनी मध्यमवर्गीय पारशी कुटुंबांसाठी १०३ भूखंड राखून घेतले. घरं बुटकी ठेवली, आणि रस्त्यांवर एकेका जातीची झाडं ओळीने लावली. शेजारच्या पाच बागांना आज त्यांचंच नाव आहे. माटुंग्यात आपल्या समाजाची वस्तीही मोठी आहे. तिथल्या मैत्रिणींना त्या सावलीचं मोल मी काय सांगणार!

पोळीने पाणी, वारा, आकाश आणि पक्षी घराच्या पोटात घेतले, पण झाडाला जागा देऊ शकली नाही. दादर-माटुंग्याने झाडाला जागा दिली, पण पाणी दूरच्या तलावांवर सोपवलं. आता आपल्या पिढीत तिसरी रचना होते आहे. तिच्यात चौक नाही, टाकं बहुधा कागदावर, आणि झाड पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावर, दोन-तीन फूट मातीत. तिथे शोभेची झाडं जगतात. वड, पिंपळ, कडुनिंब, आंबा तिथे जगत नाहीत, कारण त्यांची मुळं खऱ्या जमिनीत जावी लागतात.

जमीन उघडी राहण्याचं आणखी एक कारण आहे. ते बिल्डरला सुचणार नाही, पण आपल्याला सुचायला हवं. साध्वीजी, आर्यिका माताजी आल्या तर त्यांना चालायला मोकळी, कोरडी जमीन लागते, आणि परठवण्यासाठी निर्जीव मातीची जागा लागते. पोळीत देरासर आणि उपाश्रय दारातच होते, गोचरीला घरोघर जाता येई. बावीस मजल्यांच्या आणि चहूबाजूंनी सिमेंट केलेल्या संकुलात पाच समित्या पाळायच्या कशा, हा प्रश्न आज अनेक ठिकाणी त्यांच्यासमोर आहे. उद्यानाची जागा मागताना आपण हेही मोकळेपणाने मांडायला हरकत नाही.

मीटिंगला जाताना

सह्या करण्याआधी, नकाशा टेबलावर असताना, एवढं तरी विचारा:

१. तळघर पूर्ण प्लॉटभर आहे का? एका बाजूला खरी जमीन, वर-खाली काहीही न बांधलेली, किती उरते? ती नकाशात रंगवून दाखवा म्हणावं.

२. आजची झाडं कोणती, किती, किती जुनी, याची यादी केली आहे का? महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्याप्रमाणे झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष मानलं जातं. झाड वाचवायचं तर इमारत थोडी सरकवावी लागते, आणि ती कागदावर असतानाच सरकते.

३. पावसाचं पाणी फक्त खड्ड्यात सोडणार, की साठवून वापरणार? टाकी कुठे, किती लिटरची, साफ कोण करणार?

४. स्वयंपाकघराला बाहेरची हवा मिळते का, की डक्टची?

५. पक्ष्यांसाठी देशी झाडं आणि झुडपं कोणती लावणार? दाणा घालायचा असेल तर खिडक्यांपासून लांब, रोज धुता येईल अशी जागा कुठे?

हे प्रश्न पुरुषांनी विचारले तर हिशेबाच्या गर्दीत मागे पडतात, असा बहुतेक ठिकाणचा अनुभव आहे. पोळीतलं टाकं भरण्याआधी गच्ची झाडणारी बाई होती. आपल्या मीटिंगलाही बायकांनीच हे पाच मुद्दे कागदावर लिहून न्यावेत आणि कार्यवृत्तात नोंदवून घ्यावेत. मी आमच्या सोसायटीसाठी तसा कागद तयार केला आहे आणि शेजारच्या सहा जणींनी त्यावर सह्या केल्या आहेत. तुमच्याकडे जुन्या वाड्याचं टाकं, आड किंवा चबुतरा अजून असेल तर त्याबद्दल मला नक्की कळवा.

जय जिनेंद्र!